काडी, पान आणि खावटी

सोलापुरात लग्न मोडायला तीन भाषांत तीन शब्द आहेत. मराठी माणूस ‘काडीमोड’ म्हणतो. पूर्व भागातल्या पद्मशाली वस्तीत, मागांच्या खडखडाटात, ‘विडाकुलु’ हा तेलुगू शब्द कानावर येतो. त्यातलं ‘आकु’ म्हणजे पान. कन्नड घरात ‘बिडुगडे’ म्हणतात, म्हणजे सुटका. एकाकडे काडी मोडते, दुसऱ्याकडे पान तुटतं, तिसरा नुसताच सुटतो. तिन्ही शब्द घरातले, पहिले दोन तर हाताशी असलेल्या वस्तूंचे. गवताची काडी कुठेही सापडते आणि विड्याचं पान तर लग्न ठरवतानाच हातात आलेलं असतं.

कोर्टाच्या कागदावर मात्र चौथाच शब्द असतो: घटस्फोट. या शब्दाचं मूळ लग्नाशी जोडलेलं नाही. जो माणूस पतित ठरला, त्याला जिवंतपणीच मेलेला मानण्याचा एक विधी धर्मशास्त्रात सांगितला आहे. दासीने पाण्याने भरलेला घडा पायाने उपडा करायचा आणि आप्तांनी त्या माणसाचं सुतक पाळायचं, तो डोळ्यांदेखत हिंडत-फिरत असला तरी. मोल्सवर्थच्या एकोणिसाव्या शतकातल्या कोशातही घटस्फोट भेटतो तो या बहिष्काराच्या अर्थाने. नवरा-बायको वेगळे होण्यासाठी हा शब्द रुळला तो पुढे. सोलापूरच्या विणकराला, धनगराला, साळ्याला काडी मोडल्यावर कुणी मेल्यासारखं वाटत नसे, याचं कारणही हेच असावं. मेल्यासारखं वाटायला आधी घडा फुटावा लागतो.

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि सोलापूरचा मुलूख कंपनी सरकारकडे आला. नव्या राज्यकर्त्यांना पहिला प्रश्न पडला तो असा की, या लोकांचा कायदा नेमका लिहिलाय कुठे? माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या सरकारने आर्थर स्टील या अधिकाऱ्याला कामाला लावलं. त्याने शास्त्री-पंडितांना विचारलंच, पण जातीजातींच्या पंचांनाही बोलावून प्रश्न विचारले. दख्खनच्या जातींच्या चालीरीतींचा हा गोषवारा 1827 मध्ये छापला गेला. आजही तो वाचताना एक गोष्ट ठळक दिसते. ब्राह्मण आणि त्यांच्या चालीने चालणाऱ्या मोजक्या जाती सोडल्या, तर बाकीच्यांत सोडचिठ्ठी होती, पाट किंवा म्होतूर म्हणजे पुनर्विवाहही होता. लग्न कायमचं असतं ही समजूत सगळ्या हिंदूंची नव्हती. ती वरच्या थोड्या घरांची होती.

पेशव्यांनाही हे ठाऊक होतं, आणि त्यांनी त्यातून पैसेही कमावले. पाट लावायचा तर सरकारला ‘पाटदाम’ भरावा लागे. ज्या गोष्टीवर कर बसतो ती गोष्ट दुर्मीळ नसते, एवढं इतिहासाच्या कुठल्याही वाचकाला कळतं.

या जुन्या चालीचे गोडवे गाण्यात मात्र अर्थ नाही. काडी मोडायचा हात बहुधा नवऱ्याचा असे. बायको स्वतःहून निघाली तर नव्या नवऱ्याने जुन्याला लग्नाचा खर्च भरून द्यायचा, पंचांना दंड द्यायचा आणि जेवण घालायचं. अंगावर पिणारं मूल आईबरोबर जाई, पण ते बापाचंच समजलं जाई. चालू-बोलू लागलं की बापाच्या घरी परत. पाट रात्री लागे, सवाष्णींची नजर चुकवून. पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोचा मान नसे. तरीही दार होतं. अरुंद असेल, रात्रीचंच उघडत असेल, पण ते भिंतीत होतं खरं.

हे दार बुजवलं ते इंग्रजी न्यायालयांनी, आणि गंमत म्हणजे सुधारणेच्या भाषेत.

1 जानेवारी 1862 पासून भारतीय दंड संहिता लागू झाली. तिच्या 494 कलमाने नवरा किंवा बायको हयात असताना केलेलं, कायद्याने रद्दबातल ठरणारं दुसरं लग्न हा गुन्हा ठरवला. हिंदू पुरुषाला कितीही बायका करायची मुभा होती, त्यामुळे हे कलम हिंदूंमध्ये चाललं ते बाईवरच. जातीच्या पंचांनी मोकळी केलेली बाई दुसरा संसार मांडून बसली की जुना नवरा फौजदारी करू शकत होता. 1864 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर गुजरातेतल्या कोळ्यांचं प्रकरण आलं. नवऱ्याच्या संमतीशिवाय बाईने त्याला सोडून दुसरा करायचा, ही त्या जातीची चाल न्यायालयाने अमान्य केली. 1876 मध्ये ‘संभू रघू’ खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. लग्न रद्द ठरवायचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी द्यायचा जातीचा अधिकार आम्ही मानत नाही, असं त्याने सांगितलं. जातीने परवानगी दिली म्हणून आम्ही प्रामाणिकपणे लग्न केलं, हा बचावही चालला नाही. 1915 मध्ये आणखी एका निकालात, ठरावीक रक्कम मोजून एकतर्फी लग्न मोडण्याची चाल नीतीविरुद्ध ठरली.

या निकालांमागे काही वाईट हेतू नव्हता. बाजार मांडल्यासारखी लग्नं मोडू नयेत, असं न्यायाधीशांना मनापासून वाटत होतं. पण परिणाम असा झाला की शास्त्राची जी बंदी मूठभर घरांत होती, तिची सावली पंचांच्या ओट्यापर्यंत पोचली. दोघांच्या राजीखुशीने झालेली काडीमोड काही निकालांत वाचली. पण ती सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावर, जिला सही करता येत नव्हती.

त्याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला. 1884 मध्ये दादाजी भिकाजीने दावा लावला, तो बायको नांदायला यावी म्हणून. ‘नांदणं’ या शब्दाला इंग्रजीत जोड नाही, पण दाव्याला होती: वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना. ही कल्पना विलायतेतल्या चर्चच्या न्यायालयांतून इकडे आली होती. शास्त्रात ती नव्हती. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला, अपिलात तो निकाल फिरला आणि 1887 मध्ये रखमाबाईंना आदेश मिळाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. 1888 मध्ये 2000 रुपयांवर तडजोड झाली आणि त्या पुढे डॉक्टर झाल्या. रखमाबाई सुतार समाजातल्या. त्यांच्या आईचा, जयंतीबाईंचा, दुसरा विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला होता. म्हणजे पुनर्विवाह ज्या समाजाला परका नव्हता, त्याच समाजातल्या मुलीला ‘हिंदू विवाह अभेद्य आहे’ हे ऐकवलं गेलं.

सोलापूर जिल्ह्याने या सगळ्याची दुसरी बाजू पंढरपुरात पाहिली. 1875 मध्ये तिथे बालहत्या प्रतिबंधक गृह उभं राहिलं, लालशंकर उमियाशंकर या न्यायखात्यातल्या प्रार्थनासमाजिस्ट गृहस्थांच्या पुढाकाराने. ज्या घरांत पाट नव्हता, त्या घरांतल्या विधवांची मुलं चंद्रभागेच्या वाळवंटात टाकली जात होती. काडीमोड नसणं हे प्रतिष्ठेचं लक्षण मानणाऱ्या समाजाने त्या प्रतिष्ठेची किंमत कुठे चुकती केली, हे पाहायचं तर त्या गृहातल्या पाळण्याकडे पाहावं.

शहराचा चेहराही याच दशकात बदलू लागला. ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग 1870 च्या दशकात सुरू झाली, मागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आल्या. आंध्र-तेलंगणाकडून विणकर आले, कर्नाटकातून माणसं आली, बायका गिरणीत रिळांवर उभ्या राहिल्या. गावात पंच ओळखीचे असतात. गिरणीच्या चाळीत शेजारी परमुलखातला असतो. नवरा मुंबईला गेला आणि तिकडेच राहिला, तर काडी मोडायला तरी कुणाच्या दारात जायचं? काडीमोड न होताच बाई टाकलेली राहायची. मराठीत ‘टाकलेली’ हा शब्द किती सहज बोलला जातो, आणि त्याला पुल्लिंगी रूप कधीच ऐकू येत नाही.

(कायद्याच्या पुस्तकांत सोलापूरचं नाव अजरामर झालं ते याच जुन्या गिरणीमुळे. 1949 मध्ये ती बंद पडली, केंद्र सरकारने ती ताब्यात घेतली, आणि 1950 चा चिरंजितलाल चौधरी खटला समतेच्या हक्कावरचा पायाभूत निकाल ठरला. कायद्याचा विद्यार्थी ‘शोलापूर मिल केस’ पाठ करतो. त्या गिरणीतल्या बायकांच्या पोटगीच्या अर्जांवर असा पाठ्यपुस्तकी निकाल नाही.)

दार पुन्हा उघडलं ते स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. बडोद्यात सयाजीरावांनी 1931 मध्येच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता. मुंबई प्रांताने 1946 मध्ये द्विभार्याप्रतिबंधक कायदा केला आणि 1947 मध्ये हिंदू घटस्फोट कायदा. सात वर्षं बेपत्ता असणं, बरं न होणारं वेड, कुष्ठ, चार वर्षं टाकून देणं, नवऱ्याने बाई ठेवणं अशी कारणं त्यात होती. सोलापूर मुंबई प्रांतात, म्हणून हा कायदा इथे लागू. पण नकाशा समोर धरला की मौज कळते. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरचं तुळजापूर निजामाच्या राज्यात, अक्कलकोटला वेगळे राजे. आई भवानीच्या दर्शनाला निघालेलं बिऱ्हाड वाटेत कायद्याची हद्द ओलांडत होतं. दुसरी बायको करायची तर सोलापुरात गुन्हा, आणि पलीकडे मंडप घातला तर? आमदारांनी ही पळवाट ओळखली होती. नवरा-नवरीपैकी एक जण जरी प्रांतातला रहिवासी असला, तर लग्न हद्दीबाहेर लागलं तरी ते रद्द, असं कलमातच लिहिलं होतं.

द्विभार्याबंदीला आव्हान मिळालं. मुसलमानाला चार बायका चालतात आणि हिंदूलाच तुरुंग का, असा युक्तिवाद ‘नरसू अप्पा माळी’ खटल्यात झाला. 1951 मध्ये न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी कायदा उचलून धरला. सुधारणा टप्प्याटप्प्याने करायला राज्य मोकळं आहे, असं त्यांचं म्हणणं. या निकालातला व्यक्तिगत कायद्याविषयीचा भाग आजही वादात असतो. त्याच वर्षी हिंदू कोड बिल रखडलं म्हणून डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपद सोडलं.

मग 1955 चा हिंदू विवाह कायदा आला आणि तुळजापूर-सोलापूर एका हद्दीत आले. या कायद्याच्या 29 व्या कलमात एक छोटी पोटकलमी खिडकी आहे: रूढीने मिळालेला घटस्फोटाचा हक्क शाबूत राहील. म्हणजे काडी अजून जिवंत आहे, फक्त ती सिद्ध करावी लागते. मुख्य दरवाजातून मात्र राजीखुशीने जाता येत नव्हतं. कोणाचा तरी दोष दाखवावा लागे. आणि नुसता छळ हे कारण 1976 पर्यंत घटस्फोटाला पुरत नव्हतं, त्यावर फक्त न्यायिक विभक्तता मिळे. 1976 च्या दुरुस्तीने ‘13 ब’ आणलं, परस्परसंमतीचा घटस्फोट. वर्तमानपत्रांनी तो आधुनिकतेचा विजय म्हणून छापला. पूर्व भागातल्या एखाद्या म्हाताऱ्या विणकराला विचारलं असतं, तर त्याने इतकंच म्हटलं असतं की हे तर आमच्याकडे होतंच. फरक एवढाच की पूर्वी एका संध्याकाळचं काम होतं. आता एक वर्ष वेगळं राहा, अर्ज करा, मग पुन्हा सहा महिने थांबा. हे सहा महिने परिस्थिती पाहून माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं.

29 व्या कलमाच्या त्या खिडकीतून अजूनही लोक ये-जा करतात. मुद्रांकाचा कागद, वर ‘फारकतनामा’, खाली लिहून देणार, लिहून घेणार, साक्षीदार पाच. ‘आम्हा उभयतांचे पटत नसल्याने पंचांसमक्ष’ अशी सुरुवात, मग भांडी आणि दागिने परत मिळाल्याची कबुली, आणि शेवटी ‘यापुढे एकमेकांवर कोणताही हक्क राहिलेला नाही’. मुलाचं नाव आलंच तर एका ओळीत. नोटरीचा लाल शिक्का बसला की घरच्यांना वाटतं, काम झालं. दुसरं लग्न होतं, मूल होतं, आणि वारसाचा किंवा पेन्शनचा प्रश्न आला की कळतं की कागदाला अर्थ नव्हता. जातीत तशी चाल आहे हे कागदोपत्री मांडून पुराव्याने शाबीत करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये पुन्हा एकदा बजावलं. उलट बाजूही आहे. 1965 मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात गांधर्व पद्धतीने दुसरं लग्न केलेला नवरा सुटला, कारण होम आणि सप्तपदी झालीच नव्हती, म्हणून कायद्याच्या दृष्टीने दुसरं लग्नच नाही! विधी अपुरा, म्हणून गुन्हा अपुरा. दुसऱ्या बाईचं काय, हा प्रश्न त्या निकालाच्या बाहेर राहिला.

आता खावटी. खरं तर सगळा इतिहास इथेच येऊन थांबतो, कारण लग्न मोडलं की नाही यापेक्षा चूल कशी पेटणार हा प्रश्न आधीचा.

पुस्तकी शब्द ‘पोटगी’, कोर्टात बोलायचा शब्द ‘खावटी’. सालगड्याला पेरणीआधी देतात तीही खावटी, आणि नवऱ्याने टाकलेल्या बाईला मिळते तीही खावटीच. फौजदारी प्रक्रियेच्या 1861 च्या पहिल्या संहितेत हे कलम आलं ते स्त्रीहक्क म्हणून नव्हे. टाकलेल्या बायका-मुलांनी रस्त्यावर येऊन भीक मागू नये, चोऱ्या करू नयेत, एवढीच सरकारची चिंता होती. म्हणून ते फौजदारी कायद्यात बसलं, आणि म्हणूनच धर्म न विचारता सगळ्यांना लागू झालं. कमाल मर्यादा होती महिना 50 रुपये. 1923 मध्ये 100 झाली. 1955 मध्ये 500. 1973 ची नवी संहिता आली, कलमाचा नंबर 488 चा 125 झाला, घटस्फोटित बाईलाही हक्क मिळाला, पण आकडा 500 च राहिला. 1999 मध्ये महाराष्ट्राने तो 1500 केला आणि 2001 मध्ये संसदेने मर्यादाच उडवली. चव्वेचाळीस वर्षं एकाच आकड्यावर थांबलेला कायदा दुसरा शोधावा लागेल. या काळात ज्वारीचा भाव कुठून कुठे गेला, हे सोलापूरकराला सांगायला नको.

शाहबानो प्रकरण याच कलमावर उभं होतं. उच्च न्यायालयाने ठरवलेली रक्कम होती महिना 179 रुपये 20 पैसे. 1985 च्या त्या निकालावरून देश पेटला, पुढच्या वर्षी नवा कायदा झाला. महाराष्ट्रात हा प्रश्न त्याआधीच रस्त्यावर आला होता. 1966 मध्ये हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला होता. हिंदू घरांतल्या टाकलेल्या बायकांची परिषद व्हायला 1988 उजाडलं, संगमनेरला, निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने. ‘परित्यक्ता’ हा शब्द सरकारी कागदावर आला तो या चळवळीमुळे. त्यांची एक मागणी अगदी साधी होती: आमच्या नावाचं वेगळं रेशनकार्ड द्या. नवऱ्याच्या कार्डावर नाव, भावाच्या घरात मुक्काम, आणि साखर कोणाच्याच पिशवीत नाही, अशी गत होती.

सोलापुरात खावटीच्या अर्जाला एक खास स्थानिक गाठ आहे. नवरा यंत्रमागावर कामाला, मजुरी नगावर, पगारपत्रक नाही. तो सांगतो, माग बंद आहे, काम मिळत नाही. बायको विड्या वळते. तिच्याकडे मात्र कार्ड आहे, कारखान्याच्या वहीत हजारी विड्यांचा हिशेब आहे. म्हणजे कमावणाऱ्याचा पुरावा नाही, आणि पोटापुरतं वळणारीचा पुरावा चोख. तंबाखू आणि पानांचं वजन करून दिलेला तिचा तोच हिशेब उलटतपासात तिच्यासमोर धरला जातो: ही स्वतः मिळवते. थोडंफार कमावते म्हणून हक्क जात नाही, स्वतःचं नीट भागतं का ते पाहा, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. 2020 च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालाने तर दोघांनीही मिळकतीचं, खर्चाचं, कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि खावटी अर्जाच्या तारखेपासून धरायची, असं देशभरासाठी ठरवलं. तो खटलाही महाराष्ट्रातलाच.

मुलांच्या ताब्याचा कायदा त्यामानाने संथ चालला. विलायतेत कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेने स्वतःच्या मुलांसाठी रान उठवलं, तेव्हा 1839 मध्ये सात वर्षांखालच्या मुलांसाठी आईला अर्ज करता येऊ लागला. आपल्याकडे 1890 चा पालक-पाल्य कायदा, मग 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा: पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे, पण नैसर्गिक पालक पहिला बाप, ‘आणि त्याच्यानंतर’ आई. अंगावर पिणारं आईचं, चालणारं बापाचं, या जुन्या हिशेबाचीच ही सुधारित आवृत्ती. ‘नंतर’ म्हणजे तो मेल्यावरच नव्हे, तो लक्ष घालत नसेल तेव्हाही, असा अर्थ लागायला 1999 उजाडलं. आज न्यायाधीश मुलाचं हित पाहतात, मुलाशी स्वतः बोलतात. तरी शाळेच्या दाखल्यावर बापाची सही हवी म्हणून अडलेली आई सोलापुरात दर जूनमध्ये भेटते.

1984 चा कुटुंब न्यायालय कायदा दहा लाखांवरच्या शहरांसाठी सक्तीचा होता. महाराष्ट्रात सुरुवात 1989 मध्ये पुण्यातून झाली. सोलापूर त्या रेषेच्या जरा खाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 9,51,558. तरीही इथे कुटुंब न्यायालय आलं. तिथे वकील हा हक्क म्हणून उभा राहत नाही, न्यायालयाची परवानगी लागते, आणि सुनावणीआधी समुपदेशकाच्या टेबलावर बसावं लागतं. पंचांच्या ओट्याशी याचं नातं आहे; फक्त इथे दंडाचं जेवण घालावं लागत नाही आणि बाईला स्वतःचं बोलता येतं. बोली कोणती, हा प्रश्न उरतोच. अर्ज मराठीत, रडणं तेलुगूत.

1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहिता गेली, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, आणि खावटीचं कलम 125 वरून 144 झालं. वकिलांनी टाइप केलेल्या मसुद्यांत आकडा बदलला. बाहेर बाकावर बसलेली, पिशवीत कागद जपून ठेवलेली बाई शेजारणीला अजून तेच सांगते: ‘एकशे पंचवीस टाकलीय, पुढली तारीख पंधराला हाय.’